मिठाचे वाफे, कावेच्या भिंती आणि वीतभर निसर्गचित्र

शिरोड्याचं नाव मराठी वाचकाला सहसा दोन कारणांनी ठाऊक असतं. एक, १९३० च्या मे महिन्यात इथे झालेला मिठाचा सत्याग्रह. दुसरं, १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर. चित्र काढणाऱ्याला तिसरं कारण सापडतं. वेंगुर्ले तालुक्याच्या या दक्षिण टोकाला जमिनीचे नाना पोत एकमेकांना खेटून आहेत. वेळागरची पुळण, तिच्यामागे सुरूचं बन, माडांच्या बागा, मिठागरं, खाडीकाठची खार जमीन, भाताचे कुणगे (लहान शेतं), त्यांच्यावर जांभ्याचा सडा, आणि दक्षिणेला रेडीच्या बाजूला लोहखनिजाच्या खाणींनी उघडी पाडलेली लाल माती. हे सगळं एकाच गावच्या आसपास, चालत जाण्याच्या टप्प्यात.

या मुलखाचं चित्र म्हटलं की माड, होडी आणि मावळता सूर्य ठरलेले. त्यांना माझा विरोध नाही. पण इथे बोलायचंय ते वेगळ्या जातीच्या निसर्गचित्राबद्दल. वीतभर फळी किंवा कॅनव्हास, त्यावर जाड लेप, ओरखडे, खड्डे, दोन-तीन मातकट रंग. त्यात झाड नसतं, घर नसतं, माणूस नसतो, तरी पाहणारा म्हणतो, हे शेत दिसतंय. हल्ली छंद म्हणून अशी चित्रं करणारे पुष्कळ आहेत. बहुतेकांना शिकवलं जातं ते इतकंच की पेस्ट थापा, कंगवा फिरवा, वर रंग मारा, जमल्यास सोनेरी वर्ख लावा. मग पोत चित्रावर केकवरच्या आयसिंगसारखा बसतो. बघायला छान, पण जमिनीशी त्याचा काही संबंध नाही.

जमिनीचा पोत कुणी सजावट म्हणून काढलेला नसतो. पाणी साचलं, आटलं, कुणी तुडवलं, कुणी नांगरलं, पावसाने धुतलं, उन्हाने तडकवलं, या सगळ्याची ती नोंद असते. म्हणून चित्रात तो पोत आणायचा तर त्याचं रूप बघून नक्कल करण्यापेक्षा तो झाला कसा हे समजून घ्यावं आणि तीच क्रिया लहान प्रमाणात फळीवर करावी. शिरोड्यात याची उदाहरणं हवी तेवढी आहेत.

मिठागरापासून सुरुवात करू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचं पाणी आधी मोठ्या, उथळ तळ्यांत घेतात आणि तिथून ते अधिकाधिक लहान वाफ्यांत फिरवत नेतात. प्रत्येक टप्प्यावर ऊन आणि वारा त्यातलं पाणी काढून घेतात. मूळ पाणी आटून पाचव्या हिश्श्यावर येईस्तोवर जिप्सम खाली बसायला लागलेलं असतं. आपण खातो ते मीठ धरतं ते साधारण दहाव्या हिश्श्यावर. वाफ्यांचे चौकोन कुणी नक्षीसाठी आखलेले नाहीत. पाणी उथळ आणि सपाट राहिलं तर लवकर आटतं, आणि बांधावर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने मीठ ओढता आलं पाहिजे, म्हणून ते आकार तसे. तळ पायांनी तुडवून घट्ट केलेला असतो, कारण तळ ढिला राहिला तर मिठात चिखल येतो. जगभरच्या मिठागरांत दिसणारा गुलाबी-तांबूस रंगही उगाच येत नाही. अति खारट पाण्यात तग धरणारी ड्युनॅलिएला सलायना ही सूक्ष्म शैवालं आणि तसेच लवणप्रेमी जीवाणूसदृश जीव तो रंग देतात. म्हणजे रंगावरून पाणी कुठल्या टप्प्याला आलंय याचा अंदाज लागतो.

चित्रकाराने यातून घ्यायचं ते एवढं: चौकोन रेषेने काढू नयेत, बांधाने काढावेत. फळीवर आधी लेपाचे बारीक उंचवटे ओढायचे, ते वाळू द्यायचे आणि मग त्यांच्यामध्ये अगदी पातळ रंगाचं पाणी सोडायचं. ते पाणी स्वतः सपाट होतं, कडेला जास्त रंग सोडतं, मध्ये कमी, आणि प्रत्येक चौकोन थोडा वेगळा आटतो. ब्रशने तो फरक कितीही प्रयत्न करून येत नाही.

जलरंगात तर खरं मीठच वापरतात. ओल्या रंगाची चमक नुकती मावळू लागली की वर खडे टाकायचे. खडा आजूबाजूचं पाणी ओढतो, पाण्याबरोबर रंगही सरकतो आणि फिक्या चांदण्यांसारख्या खुणा उमटतात. रंग फार ओला असेल तर मीठ विरघळून जातं, फार सुकला असेल तर काहीच होत नाही. मात्र कोकणात राहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी शोषून पाझरू लागतं. आगरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याहून कितीतरी आधीच ओलावतात. पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी ओली होते ती त्यामुळेच. कागदावर राहिलेले मिठाचे कण दर जूनमध्ये तेच करतील. तेव्हा चित्र पूर्ण वाळलं की सगळं मीठ झटकून, खरवडून काढायचं, आणि मिठाची खूण हवी असेल तर खूणच ठेवायची, मीठ नाही. पुळणीतली वाळू लेपात मिसळणाऱ्यांनाही हेच लागू. ती गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, वाळवून, चाळून घेतल्याशिवाय वापरू नये. नाहीतर वर्षभरात पांढरी बुरशी यावी तसे क्षार वर फुटतात.

आता जांभा. धो धो पाऊस आणि कडक ऊन यांच्या आलटून-पालटून माऱ्याने मूळ खडकातली सिलिका व इतर विरघळणारी द्रव्यं लाखो वर्षं वाहून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, तो हा दगड. खाली ओलसर असताना तो मऊ असतो, म्हणून चिरेखाणीत त्याचे चिरे कापता येतात. उघड्या हवेत आला की टणक होतो. चिरेखाणीच्या भिंतींवर कापाच्या समांतर रेषा राहतात, पायऱ्या पायऱ्यांनी जमीन खाली जाते, आणि या सरळ रेषांच्या आत जांभ्याची स्वतःची भोकं-भोकं असलेली जाळी असते. माणसाने घातलेला चौकोन आणि निसर्गाने केलेली जाळी एकमेकांवर पडलेली इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसते. माझ्या मते सिंधुदुर्गातल्या अमूर्त चित्राला चिरेखाणीइतका चांगला विषय नाही, आणि तिच्याकडे चित्रकार सगळ्यात कमी बघतात.

जांभ्याचा रंग येतो लोहाच्या दोन खनिजांमुळे. हेमॅटाइट लाल, गोएथाइट पिवळं. दुकानातल्या ट्यूबवर ‘येलो ऑकर’ लिहिलेलं असतं ते मुळात गोएथाइट असलेली माती, आणि गेरू म्हणजे हेमॅटाइटची. पिवळी माती तापवली की तिच्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती लाल होते. ‘बर्न्ट सिएना’मधला ‘बर्न्ट’ तोच. शिरोडा-रेडीच्या वाटेवर पायाला लागणारी माती आणि परदेशी कंपनीचा महागडा रंग यांत रसायन म्हणून फारसा फरक नाही. फरक आहे तो बारीकपणाचा. माती पाण्यात ढवळावी, जाड वाळू तळाला बसू द्यावी, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावं, ते निवळल्यावर राहिलेला गाळ वाळवून खलावा. तो ॲक्रिलिकच्या माध्यमात मिसळला की रंग तयार.

या मातीचा आणि पोताचा इथला सगळ्यात जुना वापर देवळांच्या भिंतींवर आहे. दक्षिण कोकण, गोवा आणि उत्तर कन्नड या पट्ट्यात कावी कला होती. अजून काही देवळांत, जुन्या घरांत तिचे अवशेष आहेत. शिंपल्या भाजून केलेला चुना आणि धुतलेली वाळू यांचं मिश्रण गूळ घालून मुरवत, कुटून मऊ करत आणि भिंतीला त्याचा गिलावा देत. त्यावर काव (तांबडी माती) मिसळलेल्या चुन्याचा लाल थर, गुळगुळीत दगडाने घोटलेला. तो ओला असतानाच लोखंडी अणकुचीदार हत्याराने आणि कंपासने आकृती कोरायच्या आणि आकृतीभोवतीचा लाल थर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. ब्रश नाही, आणि रंगही एकच. तो एकच का, याला कारण आहे. ताजा चुना अत्यंत दाहक असतो. वनस्पतींपासून केलेले बहुतेक रंग त्यात टिकत नाहीत, लोहाच्या मातीचा रंग टिकतो. पुढे चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडाचाच भाग बनतो. सिमेंटचा गिलावा आणि डब्यातला ऑइल पेंट आल्यावर अशा कित्येक भिंती जीर्णोद्धाराच्या नावाखाली गेल्या. हल्लीच्या पोतचित्रांच्या वर्गात ‘वरचा थर खरवडून खालचा रंग काढा’ हे युरोपातलं तंत्र म्हणून शिकवतात. त्याच तंत्राने सजवलेली देवळं याच किनाऱ्यावर होती हे शिकणाऱ्याला कुणी सांगत नाही.

तिसरा पोत शेताचा, आणि तो बारा महिने बदलता. मे महिन्यात भाजावळीची काळी राख. जूनमध्ये तरव्याचा (भातरोपांच्या वाफ्याचा) गच्च, जवळजवळ असह्य हिरवा चौकोन, आणि बाजूला चिखलणी केलेल्या कुणग्यांत नुसतं आकाश. लावणीनंतर वीतभर अंतराने टोचलेले ठिपके, मग ठिपके मिटून गालिचा, ऑक्टोबरात पिवळा, कापणीनंतर धसकटांच्या रांगा. जिथे पाणी टिकतं तिथे वायंगणी भात, नाहीतर कुळीथ-चवळी. बाकीच्या कुणग्यांत चिखल वाळून भेगा पडतात. या भेगांकडे नीट बघा, कारण चित्रातल्या लेपालाही त्या अगदी त्याच कारणाने पडतात. वरचा थर आधी वाळतो आणि आक्रसतो; खालचा अजून ओला असतो किंवा तळाला चिकटलेला असतो, म्हणून तो आक्रसू शकत नाही; ताण वाढतो आणि वरचा थर फाटतो. थर जितका जाड तितक्या भेगा लांब लांब आणि रुंद. भेगा नको असतील तर लेप पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून लावायचा. हव्या असतील तर एकदम जाड लावून उन्हात ठेवायचा. पण मग त्या भेगांत पातळ बाइंडर मुरवून तुकडे जागच्या जागी धरून ठेवायला हवेत, नाहीतर दोन वर्षांत शेत फळीवरून गळायला लागेल.

एवढं झालं तरी चित्र अमूर्त का करायचं, कुणगा कुणग्यासारखा का काढू नये, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर बरंचसं क्षितिजरेषेत आहे. चित्रात आडवी रेषा आली आणि वर मोकळी जागा राहिली की डोळा त्याला ‘देखावा’ मानतो आणि झाडं-घरं शोधू लागतो. रेषा वर सरकवत नेली की जमीन उभी राहते. रेषा काढूनच टाकली की नकाशा आणि भिंत यांच्यामधलं काहीतरी तयार होतं, आणि डोळा पृष्ठभाग वाचायला लागतो. चित्रकार पॉल क्ले १९२८ च्या अखेरीस इजिप्तला गेला. नाइलकाठची पट्ट्यापट्ट्यांची शेतं पाहून परतल्यावर १९२९ मध्ये त्याने ‘राजमार्ग आणि आडवाटा’ या अर्थाच्या नावाचं चित्र केलं. त्यात रंगीत पट्ट्यांची शेकडो तुकड्यांची रचना आहे, फक्त अगदी वर निळसर आडव्या पट्ट्या. अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्नने १९५१ मध्ये कमी उंचीवरून जाणाऱ्या विमानातून जमीन पाहिली आणि त्याची चित्रं बदलली. आपल्याला विमानाची गरज नाही. सड्याच्या कडेवरून खालची शेतं बघितली की मेरांचं (शेतांच्या बांधांचं) जाळं तसंच उभं राहतं.

मराठी मुलखातली मोठी नावं इथे आठवणारच. वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले, जन्म नागपूरचा. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, कागदाचे तुकडे दाबून ते उचलून घ्यायचे, असा त्यांचा संथ खटाटोप. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. लोकांना त्यांच्या चित्रांत समुद्र दिसतो, धुकं दिसतं. ते स्वतः ‘अमूर्त’ हा शब्दही नाकारून ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत, म्हणजे मुळात कुठली वस्तू घेऊन ती गाळत न्यावी, असं त्यांचं कामच नव्हतं. म्हणून मी त्यांना निसर्गचित्रकार म्हणणार नाही. प्रभाकर कोलते यांचा जन्म मात्र १९४६ चा, सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीकाठच्या नेरूरपारचा. एका रंगाच्या विस्तीर्ण थराखालून आधीच्या थरांचे लहानसे तुकडे डोकावतात, ही त्यांच्या पुष्कळ चित्रांची रचना. तिच्यात कोकण शोधायचा मोह होतो. तो आवरून तंत्र तेवढं शिकावं. वर काय झाकायचं आणि खालचं किती उघडं ठेवायचं, हा कावीवाल्यांचाच प्रश्न त्यांनी तैलरंगात आणि ॲक्रिलिकमध्ये सोडवला आहे.

शिरोड्याला सगळ्यात जवळची वाटावी अशी चित्रकार मात्र स्कॉटलंडची आहे. जोन एअर्डली (१९२१-१९६३) उत्तर समुद्राकाठच्या कॅटरलाइन या छोट्या गावात राहून चित्रं काढत असे. पुढे समुद्र, मागे शेतं. गवताच्या चित्रांत तिने खऱ्या गवताचे तुरे आणि बिया रंगात दाबल्या आहेत. चित्रकलेत वाळू रंगात कालवणं १९१२ च्या सुमारास फ्रेंच चित्रकार ब्राकने सुरू केलं होतं. एअर्डलीचा फरक हा, की तिने समोरच्या शेतातलीच वस्तू त्या शेताच्या चित्रात घातली.

आता आकाराबद्दल. हे सगळं दहा फुटी कॅनव्हासवरही करता येईल, मग वीतभरच का? मोठ्या चित्रात खांदा चालतो, लहान चित्रात मनगट आणि बोटं. कुणग्याची मेर शेतकरी पायाने आणि खोऱ्याने घालतो. ती चित्रात बोटाच्या मापाची झाली की त्या क्रियेचं प्रमाण हाताला कळतं. दुसरं, लेपाची जाडी आकाराबरोबर वाढत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटा मोठ्या चित्रात हरवतो, १५ सेंटिमीटरच्या फळीवर तोच डोंगर होतो. आणि लहान चित्र फसलं तर खरवडून पुन्हा सुरू करायला कुणाची छाती दडपत नाही. सावंतवाडीची गंजिफा इथून फार लांब नाही. तळहातावर मावणाऱ्या त्या गोल पत्त्यांना चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर देऊन, वर रंग आणि लाख चढवतात. लहान पृष्ठभागावर आधी नीट जमीन बांधायची, मग चित्र, ही शिस्त या भागाला नवी नाही.

करून बघणाऱ्यासाठी थोडं. कॅनव्हासपेक्षा फळी बरी, कारण कॅनव्हास लवतो आणि जाड लेप तडकतो. एमडीएफ किंवा प्लाय असेल तर पुढून, मागून आणि चारही कडांनी ॲक्रिलिक मारून बंद करायचा. एकाच बाजूने रंगवलेली फळी पावसाळ्यात हमखास बाक धरते. त्यावर गेसोचे (पांढऱ्या अस्तराचे) दोन हात. लेपासाठी तयार टेक्स्चर पेस्ट घ्या किंवा संगमरवराची भुकटी ॲक्रिलिक माध्यमात मळा. फेव्हिकॉल वापरणारे पुष्कळ आहेत, पण पांढरा गोंद ओलाव्याने मऊ पडतो, आणि शिरोड्यात ओलावा काही कमी नाही. लेप ओढायला जुनं एटीएम कार्ड पुरतं. रात्रभर वाळल्यावर पातळ, गडद मातकट रंग सगळीकडे फासून लगेच ओल्या फडक्याने पुसायचा, म्हणजे तो खाचांत राहतो आणि उंचवटे उजळ होतात. तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग फक्त उंचवट्यांवरून न्यायचा. मग सँडपेपर. मग परत एक पातळ थर. हिरव्यासाठी ट्यूबमधला तयार हिरवा टाळावा. पिवळ्या मातीत काळा किंवा निळा मिसळून येणारा हिरवा शेताला अधिक शोभतो. जूनमधल्या तरव्याचा अपवाद. तो हिरवा खरोखरच इतका भडक असतो, की तिथे ट्यूबमधला हिरवाच खरा वाटतो.

चित्र टांगताना उजेड समोरून नको, बाजूने तिरपा हवा; पोताच्या सावल्या त्याशिवाय पडत नाहीत. काच लावायची तर पृष्ठभागाला चिकटू नये इतकी फट ठेवावी, नाहीतर आत बुरशी धरते. नावाचं म्हणाल तर ‘स्वप्नभूमी’, ‘अंतरीचा हिरवा’ असली नावं कृपा करून देऊ नयेत. डीबेनकॉर्न बऱ्याचदा जागेचं नाव आणि क्रमांक एवढंच देत असे, एअर्डलीच्या चित्रांच्या नावात कधी महिनाही येतो. फळीच्या मागे पेन्सिलने जागा, महिना, आणि माती वापरली असेल तर ती कुठून आणली तेवढं लिहावं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच मेरेवर उभं राहून काय बदललं ते बघता येतं, आणि पुढची फळी तिथून सुरू करता येते.